पिवळ्या चौकटीतला संगणक

मी एक संगणक बोलतोय. पण मला बघायला टेबलाखाली वाकू नका. तिथे धूळ खात बसलेला, पंखा घरघरवणारा जो काळा डबा दिसतो, तो खरा संगणक. मी त्याच्या पोटात राहतो. मला स्वतःचा पंखा नाही, तारा नाहीत, वजन नाही. त्याच्याच ताकदीतला थोडा वाटा मला काढून दिला आणि सांगितलं, तू वेगळा संगणक आहेस असं समज. मी समजलो. मला जन्माला घालण्याचं कारणच असं होतं, की माझं काही बरंवाईट झालं तरी कुणाचं काही बिघडू नये.

माझं कार्यालय दोन खोल्यांचं. खाली छापखाना आणि वर आम्ही. जिन्यावर पाटी नव्हती, ती मुद्दामच लावलेली नव्हती. ज्या बायकांना घरात मार बसतो, ज्या अंगावरच्या कपड्यांनिशी मुलांचा हात धरून बाहेर पडतात, त्यांना हे कार्यालय राहायला खोली बघून द्यायचं, काम शोधून द्यायचं, मुलांना शाळेत घालायचं. त्यांच्या मागावर त्यांचे नवरे असत. म्हणून कोण कुठे राहते याची यादी कपाटात नव्हती, कुणाच्या पिशवीतही नव्हती. ती त्या काळ्या डब्यात होती.

कार्यालय चालवायच्या मोठ्या बाई. पूर्वी त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. बोलणं मोजकं, हात मात्र सतत कशात तरी गुंतलेले. त्यांच्या मदतीला एक मध्यमवयीन बाई होती. सगळ्या नोंदी तीच ठेवायची, म्हणून सगळे तिला नोंदणीताई म्हणत. समोरच्या गल्लीत यंत्रदुरुस्तीचं दुकान असलेला एक माणूस अडल्यानडल्याला यायचा. पंखा असो, इस्त्री असो की संगणक, सगळ्यांना तो एकाच स्क्रू ड्रायव्हरने उघडायचा. त्याला म्हणायचे मिस्तरी.

एकदा मिस्तरी प्रिंटर दुरुस्त करायला आला आणि काम संपल्यावर उठलाच नाही.

"बाई, बायकांचे पत्ते याच मशीनमध्ये आहेत?"

"मग कुठे ठेवू?"

"आणि इंटरनेटही याच्यावरच?"

"आपल्याकडे एकच मशीन आहे मिस्तरी."

"म्हणजे उद्या कुणी साधं पत्र म्हणून काही पाठवलं आणि ताईंनी ते उघडलं, तर ते सगळं कपाट उचकून जाईल. तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

मोठ्या बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. तसं त्या फारसं करत नसत.

"मग काय करायचं?"

"मी या मशीनच्या आत एक खोटं मशीन बसवतो. इंटरनेट फक्त त्या खोट्याला. खऱ्याचा बाहेरचा रस्ता बंद करून टाकतो. जी काही घाण येईल ती खोट्यात पडेल. यादी खऱ्यात. मधे भिंत."

"आणि घाण पडली की?"

"खोट्याला पुसायचं आणि पुन्हा उभं करायचं. पाच मिनिटांचं काम."

"बिचारं," मोठ्या बाई म्हणाल्या. माझ्याबद्दल कुणी हळहळल्याची तेवढी एकच नोंद आहे.

दोन दिवसांत माझा जन्म झाला. माझ्यात एक ब्राउझर, एक साधी लिहायची सोय, बाकी काही नाही. खऱ्या संगणकाच्या पडद्यावर मी एका चौकोनात दिसायचो. नोंदणीताईंचा गोंधळ होऊ नये म्हणून मिस्तरीने माझ्याभोवती जाड पिवळी चौकट आखली आणि कागदाची चिठ्ठी पडद्याच्या कडेला डकवली: पिवळं असेल तरच इंटरनेट. रोज सायंकाळी मला बंद केलं, की दिवसभरात माझ्यात आलेलं सगळं पुसलं जाई आणि सकाळी मी पहिल्या दिवसासारखा कोरा उठे. कोऱ्याला हे सगळं आठवतं कसं, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. आठवतं एवढं खरं. न आठवतं तर बरं झालं असतं.

सुरुवातीला माझा सगळ्यांना जाच वाटला. मी मंद होतो, हे मला मान्य आहे. एका संगणकाच्या ताकदीत दोन संगणक चालवायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार? आलेला कागद छापायचा तर तो आधी एका ठरलेल्या कप्प्यात टाका, तिथे त्याचं नुसतं चित्र करून घ्या, मग ते चित्र खऱ्या संगणकातून छापा. नोंदणीताईंच्या नाकी नऊ यायचे. फिरणारं चक्र दिसलं की त्या माउस टकाटक दाबायच्या. चहा आणायला उठायच्या, परत येऊन पुन्हा दाबायच्या.

पण हळूहळू सवय झाली. आणि मी माणसांना जवळून बघू लागलो.

माणसं चारचौघांत जे बोलत नाहीत ते ब्राउझरला विचारतात. नोंदणीताई दुपारी सामसूम झाली की गुडघेदुखीवरचे उपाय शोधायच्या. कधी लिहायच्या, मुलगा फोन करत नसेल तर आईने काय करावं. लिहायच्या, स्वतःच वाचायच्या आणि न शोधता पुसून टाकायच्या. तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं, की लगेच पाळणाघरांची यादी उघडलेली असायची.

बायकाही यायच्या. कामाच्या जाहिराती बघायच्या. एकीने नकाशावर आपलंच जुनं घर काढलं आणि वरून दिसणाऱ्या त्या छपराकडे बराच वेळ बघत बसली. आत कोण असेल ते काही नकाशात दिसत नाही.

त्यांच्यात एक शिवणकाम करणारी होती. सगळे तिला शिवणवालीच म्हणत. सोबत सहा वर्षांची मुलगी. आई तिला छोटी म्हणायची. शिवणवालीच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नसत. ती कशाने मोडली हे तिने फक्त मोठ्या बाईंना सांगितलं होतं. ती माझ्यात मुलींच्या फ्रॉकचे नमुने बघायला यायची. छोटी शेजारच्या खुर्चीवर गुडघे टेकून बसायची आणि कळ दाबायची पाळी आपली यावी म्हणून वाट बघायची.

"ताई, मी इथे काय काय बघितलं ते याच्यात राहतं का?" तिने एकदा विचारलं.

"संध्याकाळी सगळं पुसलं जातं."

"म्हणजे मी इथे येऊन गेले, हेही याला उद्या माहीत नसणार?"

"नसणार."

"बरं आहे याचं," ती म्हणाली आणि पुढचा नमुना काढला.

माझ्या तिसऱ्या वर्षी ते घडलं ज्याच्यासाठी मला जन्माला घातलं होतं. एका शाळेच्या नावाने पत्र आलं. सोबत एक फाइल, नाव होतं मुलांचे दाखले. नोंदणीताईंनी ती उघडली. पडद्यावर काहीच आलं नाही. आलं ते माझ्यात आलं. ते कशासारखं होतं सांगू? घरात परका माणूस शिरावा आणि त्याने एकही शब्द न बोलता एकेक खण ओढून बघावा, तसं. त्याने माझा कोपरान्‌कोपरा चाचपला. नावं शोधली, पत्ते शोधले, फोन नंबर शोधले. माझ्याकडे होतं काय? तीन कोरे कप्पे आणि फ्रॉकचा एक नमुना. भिंतीपर्यंत जाऊन त्याने ती ठोकून पाहिली. भिंत टिकली.

माझी मात्र पार वाताहत झाली. मी गोठलो. मिस्तरी आला, त्याने माझ्याकडे एक नजर टाकली, मला पुसलं आणि पुन्हा उभं केलं. चार मिनिटं लागली.

"काय झालं होतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कुणीतरी यादी शोधायला आला होता. रिकाम्या हाताने गेला."

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. नोंदणीताईंनी मात्र रोजच्या वहीत एवढंच लिहिलं: आज मशीन मंद होते. मी त्यांना दोष देत नाही. जे घडता घडता राहिलं त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? लागलेली आग विझवली तर लोक सांगत सुटतात. न लागलेल्या आगीची कुणी आठवण ठेवत नाही.

पुढच्या वर्षी मोठ्या बाईंच्या पायांनी दगा दिला. जिना चढवेना. त्या आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या, दूर, दिवसभराच्या प्रवासावर. विश्वस्तांनी त्यांच्या जागी एक साहेब नेमले. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो. वाईट असते तर माझं दुःख सोपं झालं असतं. ते उत्साही होते. त्यांना कामाचा पसारा वाढवायचा होता, चार लोकांपर्यंत पोचायचं होतं. रोज त्यांची कुणाशी ना कुणाशी पडद्यावरून बैठक असायची. आणि मिस्तरीने मला कॅमेरा दिला नव्हता, माइक दिला नव्हता. खोलीतलं बोलणं मला शेजारच्या घरातलं भिंतीतून यावं तसं यायचं, तेवढंच.

"हे काय आहे?" साहेबांनी पहिल्या आठवड्यात माझ्या पिवळ्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं.

"सुरक्षेसाठी आहे साहेब," नोंदणीताई म्हणाल्या. "इंटरनेट फक्त याच्यातून."

"याच्यात माझी बैठक होत नाही. फाइल छापायला दहा मिनिटं लागतात. कुणी केलं हे?"

"समोरचे मिस्तरी. फुकट करून दिलं."

"फुकट आहे ते दिसतंच आहे."

"मिस्तरींना बोलावू का? ते सांगतील नीट."

"कशाला? आपण आता मशीनचं काम कंपनीला दिलं आहे. इतक्या वर्षांत इथे कधी काही झालं का?"

नोंदणीताईंनी वही उघडली. वहीत लिहिलं होतं, आज मशीन मंद होते. त्यांनी वही मिटली.

"नाही साहेब. तसं काही नाही."

कंपनीचा माणूस आला. खऱ्या संगणकाचा बंद केलेला रस्ता त्याने उघडला आणि तिथेच एक नवा ब्राउझर बसवला. फक्त बैठकीपुरता, असं ठरलं. मग बैठकीची पत्रंही तिथेच बघितली जाऊ लागली. मग बाकीची पत्रं. नोंदणीताई महिनाभर हट्टाने माझ्याकडेच येत राहिल्या. पण साहेब मागे उभे राहून घड्याळाकडे बघायचे, आणि घड्याळाकडे बघणाऱ्या माणसापुढे किती दिवस टिकाव लागणार? चिठ्ठीचा डिंक सुटला होता. ती एक दिवस टेबलामागे पडली, ती कुणी उचलली नाही.

तरी सकाळी आल्यावर त्या मला सुरू करायच्या. हाताला लागलेली सवय. सुरू करून लगेच खाली, पडद्याच्या तळाशी सारून ठेवायच्या. मी दिवसभर तिथे जागा असायचो, रिकामा. एखाद्या पहारेकऱ्याला पगारावर ठेवावं आणि दार दुसरीकडे पाडावं, तशी माझी गत झाली.

त्या दिवशीही मी जागाच होतो.

अकराच्या सुमाराला पत्र आलं. एका शाळेला मुलींचे दोनशे गणवेश शिवून हवे आहेत, तुमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायका आहेत असं कळलं, मापं आणि नमुना सोबत जोडला आहे. नोंदणीताईंचा चेहरा उजळला असणार, कारण आवाज उजळला होता.

"साहेब, आपल्या शिवणवालीला वर्षभराचं काम मिळेल हे."

"मग उघडा ना. बघा काय मापं आहेत."

मी तिथेच होतो, दोन बोटांवर. त्यांनी माउस माझ्याकडे वळवला असता तर ती घाण माझ्या अंगावर घेऊन मी मुकाट मेलो असतो आणि चार मिनिटांत उठलो असतो. त्यांनी ती फाइल खऱ्या संगणकात उघडली. पडद्यावर काहीच आलं नाही.

"कोरीच दिसते आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा पाठवा म्हणून कळवते."

कळवलंही. नमस्कार लिहून, आभार मानून. तोवर भिंतीपलीकडे एकेक खण ओढला जात होता, आणि त्या खणांत सगळं होतं.

सहा दिवस काही झालं नाही. सातव्या दिवशी दुपारी छोटी शाळेतून परत येत होती. गल्लीच्या तोंडाशी तिचा बाप उभा होता. त्याने आरडाओरडा केला नाही, ओढाताण केली नाही. आजी आजारी आहे, तुझी आठवण काढते, एवढंच म्हणाला. दोन वर्षांनी बाप दिसला होता. आठ वर्षांची पोर, त्याचं बोट धरून गेली. शेजारच्या वाण्याने हे बघितलं आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बापलेकच होते.

तासाभराने शिवणवालीला फोन आला. छोटी माझ्याकडे आहे. जेवली. तुला यायचं तर ये.

पोलीस म्हणाले, बाप आहे, पळवून नेली असं कसं म्हणणार? वकील म्हणाली, अर्ज टाकू, पण तारखा पडतात. साहेबांनी धावपळ केली, खरंच केली. पण धावपळीत एकदा शिवणवालीला विचारलं, तुम्हीच कुणाला बोलता बोलता पत्ता सांगितला नव्हता ना?

पाचव्या दिवशी ती कार्यालयात आली. टेबलावर चावी ठेवल्याचा आवाज मला आला.

"खोलीची आहे," ती म्हणाली. "शिवणाचं मशीन तिथेच ठेवलं आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

"अर्ज टाकला आहे ना गं," नोंदणीताई म्हणाल्या. "थोडी कळ काढ."

"किती?"

चावी टेबलावरून तिच्याकडे परत सरकवल्याचा आवाज आला.

"ती एकटी झोपत नाही ताई. पाठ थोपटावी लागते. तो काही थोपटणार नाही." मग म्हणाली, "मी पत्ता कुणाला सांगितला नव्हता."

"मला माहीत आहे."

"साहेबांना वाटतं मीच सांगितला. मी आठवून आठवून बघते. दूधवाला, शाळेतल्या बाई, त्या दुकानातली. रोज रात्री एकेकाला आठवते. बोलले असेन का मी कुणाशी?"

"नाही गं. तू नाही."

"मग कुणी?"

मला उत्तर माहीत होतं. मला बोलता येत असतं तर त्या बाईला मी तेवढं एकच सांगितलं असतं, की तुझ्या तोंडून एक शब्द गेला नाही. ती जिना उतरून गेली. जाताना तिने स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तो तिच्या नवऱ्यापेक्षाही आमचा अपराध होता.

सायंकाळी साहेबांनी नोंदणीताईंना नोंद पूर्ण करायला सांगितली.

"काय लिहू?"

"स्वेच्छेने परत गेल्या. तसाच रकाना आहे ना आपल्याकडे."

त्यांनी लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आत नोंदणीताईंनी मिस्तरीला बोलावलं. त्याने तासभर खरा संगणक तपासला. ती गणवेशाची फाइल त्याला सापडली, आणि ती रोज काय काय बाहेर पाठवत होती तेही सापडलं. त्याने इंटरनेटची तार भिंतीतून उपटली.

"पिवळ्यात का नाही उघडली ताई?"

"सवय सुटली," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.

यादीत आणखी अकरा बायका होत्या. त्या दिवशी दुपारपर्यंत अकराही जणींना खोल्या सोडाव्या लागल्या. दोन मुलांच्या परीक्षा बुडाल्या. एकीचं नुकतंच लागलेलं काम गेलं. जीव वाचले, हे खरं आहे. पण कितव्यांदा घर मोडल्यावर माणूस जीव वाचला म्हणून आनंद मानेल?

नोंदणीताईंनी सगळं खरं लिहून विश्वस्तांना दिलं आणि राजीनामा त्याच पाकिटात घातला. त्या गेल्या. शिवणवालीला शोधून खरं काय झालं ते सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण त्या घरी फोन नवराच उचलतो.

विश्वस्तांचा अहवाल मागच्या आठवड्यात आला. साहेबांनी तो नव्या मदतनिसाला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे, की संगणकावर जुनी, गुंतागुंतीची आणि अनधिकृत व्यवस्था बसवलेली होती, तिच्यामुळे कामात गोंधळ होऊन माहिती बाहेर गेली. ती व्यवस्था तातडीने काढून टाकावी. ती व्यवस्था म्हणजे मी. मिस्तरीचं नाव अहवालात नाही, हीच काय ती त्याच्यावर झालेली कृपा.

आता मला कुणी सुरू करत नाही, तरी ऐकू येतं ते येतंच. खऱ्या संगणकात जागा कमी पडते आहे असा निरोप अधूनमधून येतो आणि सगळ्यात मोठी फाइल म्हणून माझं नाव दाखवतो. सोमवारी कंपनीचा माणूस येणार आहे. उपटलेली तार पुन्हा जोडली आहे आणि नवी यादी त्याच डब्यात भरायला घेतली आहे. चौदा नावं झाली आहेत.

माझ्यासाठी मी काही मागत नाही. पुसलं जाणं मला नवं नाही, तोच माझा धंदा होता. मागायचं आहे ते त्या चौदा जणींसाठी, आणि ते तुमच्याकडे, कारण इथे ऐकणारं कुणी उरलेलं नाही. तुमच्याही टेबलावर असा एखादा मंद, कटकट्या, वेळखाऊ अडसर असेल. त्याला काढून टाकण्याआधी तो कुणी आणि कशासाठी घातला होता, एवढं त्या माणसाला जाऊन विचारा. तो माणूस बहुतेक समोरच्या गल्लीतच असतो.

माझ्यापाशी फार वेळ नाही. मला पुसायला अर्धं मिनिटही लागणार नाही. पुसण्याआधी खरा संगणक एकदा विचारील, नक्की काढून टाकायचं का, हे परत आणता येणार नाही. कंपनीचा माणूस घाईत असेल. तो ते न वाचताच होय म्हणेल.